सगळा रस्ता भाऊजींच्या फोल्डरमधून

आमचे भाऊजी मनाने चांगले आहेत असं म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही, आणि भेटलाच तर मी आधी त्याच्या मनाची चौकशी करीन. माणूस निवृत्त झाला की त्याच्याबद्दल चार गोड शब्द बोलावेत म्हणतात. बोलणाऱ्यांनी खुशाल बोलावं. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. माझी निम्मी नोकरी मी त्यांच्या हाताखाली काढली, आणि त्या काळात जे काही शिकलो ते त्यांच्यामुळे नाही, त्यांच्या नाकावर टिच्चून शिकलो.

आमचा कारखाना चष्म्याच्या काचा घासायचा. दुकानदार नंबर पाठवतात, खालच्या हॉलमधली यंत्रं त्या नंबराप्रमाणे काच घासतात, पॉलिश करतात, आणि तयार काचा प्लॅस्टिकच्या ट्रेमधून परत दुकानांकडे जातात. कुठली काच किती घासायची, कुठल्या कोनात धरायची, हे यंत्राला सांगणारे प्रोग्रॅम वरच्या मजल्यावरच्या एका मोठ्या कॉम्प्युटरवर चालतात. त्या वरच्या खोलीचे भाऊजी राजे. खोलीला कायम ओल्या पॉलिशचा वास, टेबलावर बोट फिरवलं की पांढरी पूड लागायची. प्रजा म्हणजे मी आणि हिशेबाच्या कॉम्प्युटरवर बसणाऱ्या एक काकू. बाकी सगळी यंत्रं.

कारखान्यात भाऊजींना तोंडावर 'साहेब' म्हणत आणि पाठीमागे 'कुलूप'. हे नाव खालच्या फोरमनने ठेवलेलं, आणि ते इतकं चपखल बसलं की नवा माणूसही आठवड्याच्या आत तेच वापरायला लागायचा. भाऊजींनी कपाटांना कुलूप लावलं होतं ते ठीक, पण प्रिंटरच्या कोऱ्या कागदांच्या खणालाही लावलं होतं. रजेवर गेले की किल्ली घरी. एकदा काकूंना दोन कागद हवे होते म्हणून मी ताईला फोन केला, ताईने किल्ली शोधून रिक्षाने पाठवली, आणि संध्याकाळी भाऊजींनी त्यावरून तिला जे ऐकवलं ते मी फोनवरून ऐकलं. दोन कागदांसाठी. तेव्हापासून काकू घरून कागद आणायच्या.

त्यांना काही विचारलं की ते डोक्यावरचा चष्मा काढून पुसायला लागायचे. पुसत राहायचे. एक काच, दुसरी काच, पुन्हा पहिली. विचारणारा कंटाळून निघून गेला की चष्मा परत डोक्यावर. आणि कधी उत्तर दिलंच तर ते उत्तर नसायचंच, पाणउतारा असायचा. 'एवढं कळत नसेल तर खाली ट्रे उचलायला जा' हे त्यांचं नेहमीचं. माझ्यासाठी खास वेगळं होतं. माझी नोकरी त्यांनी लावली होती, हे त्यांनी मला, माझ्या आईला, काकूंना, फोरमनला आणि एकदा तर चहावाल्यालासुद्धा सांगितलं होतं. उपकार केला तर तो विसरावा म्हणतात. भाऊजी उपकाराला रोज पाणी घालायचे.

भाऊजींनी वरच्या मोठ्या कॉम्प्युटरवर एक टूल बसवलं होतं. ते काय ते आता सांगतो, म्हणजे पुढचं भांडण कळेल.

आमचे प्रोग्रॅम ज्या भाषेत लिहिलेत, त्या भाषेच्याच नव्या नव्या आवृत्त्या येत असतात. जुन्या यंत्रांचे प्रोग्रॅम फक्त जुन्या आवृत्तीवर चालतात. त्यांना नवी दिली की रुसून बसतात. नव्या यंत्रांचे प्रोग्रॅम जुनीकडे ढुंकून बघत नाहीत. आणि एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, तसं एका कॉम्प्युटरवर एकच आवृत्ती धड नांदते. त्यावर उपाय म्हणजे हे टूल. ते कितीही आवृत्त्या शेजारी शेजारी, आपापल्या कप्प्यात ठेवतं. प्रत्येक प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये एक चिमुकली फाइल असते, तिच्यात आवृत्तीचा आकडा लिहिलेला. प्रोग्रॅम सुरू झाला की टूल तो आकडा वाचतं आणि त्याला हवी ती आवृत्ती हातात देतं. ना बटणं, ना चित्रं. काळा स्क्रीन, त्यावर कमांड लिहायची आणि एंटर मारायचा.

खोटं कशाला बोलू, हे टूल आणायची अक्कल भाऊजींचीच. त्याआधी जुन्या यंत्रांसाठी एक कॉम्प्युटर, नव्यांसाठी दुसरा, आणि दोन्ही आळीपाळीने बंद पडायचे. भाऊजींनी टूल बसवलं आणि ती कटकट संपली. त्यांची दुसरी कुठलीही चांगली गोष्ट मला आठवत नाही, म्हणून ही एक मोठ्या अक्षरांत लिहून ठेवतो.

पण टूल बसवलं तसं ते वापरायला द्यावं ना. ते नाही. नवीन यंत्र आलं तेव्हाची गोष्ट. यंत्राच्या कंपनीचा इंजिनियर आला होता, चांगला गोरागोमटा, हसतमुख माणूस. त्याच्या प्रोग्रॅमला अगदी ताजी आवृत्ती हवी होती. भाऊजी मला म्हणाले, "घाल तू. बघू या काय शिकलास." मी कमांड दिली. टूल म्हणालं, अशी आवृत्ती नाही. मी आकडा पुन्हा पुन्हा तपासला. नाही. टूलची सगळी यादी काढली, तिच्यात तो आकडाच नव्हता. इंजिनियर म्हणाला, आवृत्ती तर कधीच बाहेर आली आहे. मी आणखी खटपट केली. भाऊजी खुर्चीत बसून आमची मजा बघत होते. मध्ये जेवून आले. काकू दोनदा येऊन माझ्याकडे दयेने बघून गेल्या. शेवटी इंजिनियरची निघायची वेळ झाली तेव्हा भाऊजी उठले, मला कोपराने बाजूला सारलं आणि एकच कमांड दिली. टूलला स्वतःलाच अपडेट करायची. टूलजवळची यादी ते स्वतः अपडेट झाल्याशिवाय बदलत नाही, एवढीच गोम होती. दुसऱ्याच क्षणी तो आकडा यादीत हजर.

"डोकं काय फक्त केस विंचरायला दिलंय?" असं मला म्हणून ते इंजिनियरकडे वळले. "मेहुणा आहे. नाइलाज आहे."

इंजिनियर हसला नाही. मला त्याचं बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. एका वाक्यात सांगता येण्यासारखी गोष्ट त्यांनी दिवसभर तोंडात धरून ठेवली होती, फक्त शेवटी ती थुंकता यावी म्हणून. त्या दिवसापासून मी भाऊजींचा मनापासून द्वेष करायला लागलो. त्याआधी नुसता वैताग होता.

त्यानंतर अपडेट हा प्रकार त्यांनी कायमचा आपल्याकडे घेतला. शनिवारी दुपारी खालची यंत्रं बंद झाली की ते खोलीचं दार आतून लावायचे. मी आणि काकू बाहेर जिन्यात. आतून कधी खोकल्याचा आवाज, कधी खुर्ची सरकवल्याचा. बऱ्याच वेळाने रुमालाने कपाळ पुसत बाहेर यायचे. "झालं एकदाचं," म्हणायचे. "वाचलो." काकू बिचाऱ्या त्यांना पाणी आणून द्यायच्या. पुढे मी स्वतः ते काम केलं तेव्हा कळलं की सगळ्या भानगडीला कपभर चहा निवायला लागतो तेवढाही वेळ लागत नाही. उरलेला वेळ भाऊजी आत काय करत होते देव जाणे. मला वाटतं नुसते बसून राहत असावेत.

घरीही तेच. ताईने स्वयंपाकघरात डबे हलवलेले चालत नसत. तिने एकदा शिवणकामाचं दुकान काढायचं मनात आणलं तर 'तुला जमणार आहे का' एवढंच म्हणाले आणि टीव्ही लावला. ताई पूर्वी हसरी होती. आमच्या घरात तिच्या हसण्यावरून आई तिला दटावायची. मी तिच्याकडे जायचो तेव्हा ती हळू बोलायची आणि अधूनमधून दाराकडे बघायची. याचा हिशेब मी भाऊजींच्याच नावावर मांडून ठेवलाय.

मग जुने मालक थकले आणि कारभार त्यांच्या मुलीकडे आला. सगळे तिला छोट्या बाई म्हणत. बाई गोड बोलायच्या पण त्यांना फसवता यायचं नाही. पहिल्याच महिन्यात त्या वर आल्या आणि म्हणाल्या, "साहेब, इथलं प्रत्येक काम दोन माणसांना यायला हवं. तुमचं यांना शिकवा." आणि माझ्याकडे बोट केलं.

भाऊजींनी चष्मा काढला. पुसला. बाई तशाच उभ्या. त्या कंटाळून जाणाऱ्यांतल्या नव्हत्या. शेवटी भाऊजींना बोलावं लागलं.

"तुमचे वडील असताना असलं काही विचारत नसत."

"वडील असताना ते विचारत नव्हते," बाई म्हणाल्या, "म्हणून मी विचारते आहे." आणि गेल्या.

शिकवायचं राहिलं बाजूला, भाऊजी मला आणखी दूर ठेवायला लागले. पण निवृत्तीचं वय काही कुलपात ठेवता येत नाही. ते जवळ आलं. भाऊजींची खात्री होती की बाई त्यांना आणखी दोन वर्षं थांबवून घेतील. त्यांनी घरी ताईला तसं सांगूनही टाकलं होतं. बाईंनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं, चहा दिला, आभार मानले, आणि थांबायचं नाव काढलं नाही.

भाऊजी वर आले तेव्हा त्यांचा चेहरा पाहून काकू उठून जिन्यात गेल्या. फक्त जाता जाता मला म्हणाले, "अडला हरी गाढवाचे पाय धरी. बघशील तू."

त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. गाढव कोण, हे विचारायचा मोह मी आवरला. पण मनात पाल चुकचुकली. जेवायच्या सुट्टीत ते खाली गेले असताना मी एकेका यंत्राचा प्रोग्रॅम उघडून तो भाषेची आवृत्ती कुठून उचलतो ते बघितलं. जुन्या यंत्राचा प्रोग्रॅम भाऊजींच्या फोल्डरमधून उचलत होता. नव्याचाही. पॉलिशच्या यंत्रांचाही, लेबलं छापणाऱ्याचाही. एकूण एक.

असं होतं की हे टूल बसवताना वेगळं काही सांगितलं नाही तर ते बसवणाऱ्याच्या स्वतःच्या खात्यात, त्याच्या खासगी फोल्डरमध्ये जाऊन बसतं. भाऊजींनी ते आपल्या खात्यात बसवलं होतं, आणि मग सगळ्या कारखान्याला आपल्या घरातून जाण्याचा रस्ता दिला होता. सुरुवातीला ती चूक असेल. असली चूक आमच्या धंद्यातला कुणीही करतो. पण माणूस गेला की त्याचं खातं बंद होतं, आणि खातं बंद झालं की त्याचा फोल्डर पुसला जातो. फोल्डरबरोबर टूल. टूलबरोबर सगळ्या आवृत्त्या. आणि मग खालच्या हॉलमध्ये एकही यंत्र हलणार नाही.

मी दुसऱ्या दिवशी त्यांना सरळ विचारलं. मनात म्हटलं, चूक असेल तर माणसाला संधी द्यावी.

"भाऊजी, टूल तुमच्या खात्यात आहे. तुमचं खातं बंद झालं की..."

"की काय?"

"सगळं बंद पडेल."

"मग पडेल." ते स्क्रीनकडे बघतच बोलत होते. "कुणामुळे चालत होतं ते कळेल. फोन करतील. माझा नंबर आहे त्यांच्याकडे."

तेव्हा मला उलगडा झाला. दोन वर्षं मिळत नाहीत म्हटल्यावर या माणसाने कारखान्याच्या गळ्याला दोरी बांधली होती आणि तिचं टोक घरी घेऊन चालला होता. दुकानांत लोक चष्म्याची वाट बघत बसतील, खालची माणसं हातावर हात ठेवून बसतील, आणि शिव्या मला पडतील, कारण वरच्या खोलीत मीच उरणार होतो. हे सगळं कशासाठी, तर कुणीतरी फोन करून 'साहेब, या' म्हणावं म्हणून. तेवढ्यासाठी.

मी छोट्या बाईंना काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर भाऊजींची जाता जाता शोभा झाली असती आणि ती ताईने निस्तरली असती. मी शनिवारची वाट बघितली. भाऊजी उरलेली रजा घेऊन घरी होते. यंत्रं थांबल्यावर मी त्यांच्या खुर्चीत बसलो. दार उघडंच ठेवलं. काकूंना म्हटलं, या, तुम्हीही बघा.

टूल बसवण्याची लांबलचक ओळ मी आणून चिकटवली, पण बसवायची जागा बदलली. खासगी खात्याऐवजी सगळ्यांच्या सामायिक फोल्डरचा पत्ता दिला. टूल उतरलं. सेटिंगच्या फाइलमध्ये शेवटी त्याचा पत्ता लिहिला. कमांड दिली तर कॉम्प्युटर म्हणतो, अशी कमांडच नाही. मग आठवलं, की सेटिंग बदललं तर तो काळा स्क्रीन बंद करून पुन्हा उघडावा लागतो. सगळे विसरतात. उघडला आणि टूल बोलायला लागलं. मग ते अपडेट केलं. तेवढा धडा मला पुरेपूर मिळाला होता. नवी आवृत्ती सुरळीत उतरली. जुनीने मात्र रडवलं. ती तयार मिळत नाही, जागेवर बांधून घ्यावी लागते, आणि तिला लागणारी एक जुनी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा गठ्ठा, कॉम्प्युटरवर नव्हती. अर्ध्यावर येऊन लाल अक्षरांत थांबायची. मी लायब्ररी हुडकली, घातली, पुन्हा लावली. काकू मध्येच चहा घेऊन आल्या. अखेर तीही बसली.

मग एकेका प्रोग्रॅमचा रस्ता भाऊजींच्या फोल्डरमधून काढून सामायिक फोल्डरमधून नेला. शेवटी खात्री करायला म्हणून भाऊजींच्या फोल्डरचं नाव घटकाभर बदलून ठेवलं, म्हणजे तो नसल्यातच जमा, आणि फोरमनला खालून एक जुनं आणि एक नवं यंत्र चालू करायला सांगितलं. दोन्ही चालली.

"एवढंच होतं?" काकू म्हणाल्या.

"एवढंच."

काकूंनी त्या एरवी शनिवारी आतून बंद होणाऱ्या दाराकडे बघितलं. त्या जिन्यातल्या सगळ्या शनिवारांबद्दल त्यांनी एक शिवी दिली. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी ऐकलेली ती पहिलीच. मला इतका आनंद झाला की घरी जाताना मी चालत गेलो.

भाऊजी गेले. निरोपाच्या वेळी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फोरमनने जरा जास्तच. भाऊजी मला म्हणाले, "सगळं चालू ठेवलंय. हात लावू नकोस." मी मान हलवली. सोमवारी बाईंच्या सांगण्यावरून त्यांचं खातं बंद झालं, फोल्डर पुसला गेला. खाली यंत्रं घासत राहिली. कुणाला काही कळलंही नाही.

ताईचा फोन यायला लागला. आधी सहज म्हणून. "काय रे, बरं चाललंय ना सगळं तिकडे?" मग जरा वेगळ्या आवाजात. "काही बंदबिंद पडलं का?" भाऊजींनी तिला सांगून ठेवलं होतं की चार दिवसांत गाडी पाठवतील न्यायला. त्यांनी ऑफिसचे कपडे इस्त्री करून दाराच्या मागे टांगून ठेवले होते. फोन सतत चार्जिंगला. न्हाणीघरात जाताना तो तिच्या हातात देऊन जायचे. फोन येत नव्हता, आणि न येणाऱ्या प्रत्येक फोनचा राग ताईवर निघत होता. मीठ जास्त झालं, पंख्यावर धूळ आहे, तू मोठ्याने बोलतेस, तू बोलतच नाहीस.

मग एक दिवस ती मला भेटायलाच आली. कारखान्याच्या फाटकापाशी, पदराने घाम पुसत.

"यांना एक फोन कर," ती म्हणाली. "काहीतरी अडलंय म्हण."

"काही अडलेलं नाही, ताई."

"ते मला कळलंय. तूच केलंस ना काहीतरी?"

मी तिला सगळं सांगितलं. फोल्डर, रस्ता, सगळं. तिला त्यातलं किती समजलं कोण जाणे, पण मुद्दा समजला. मला वाटलं ती त्यांच्यावर चिडेल. निदान त्या वेळी तरी.

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही," मी म्हटलं. "त्या माणसासाठी मी खोटं बोलू? का म्हणून?"

"त्यांच्यासाठी नको बोलूस." ती फाटकाच्या लोखंडाला धरून उभी होती. "तू आठ तास त्यांच्याबरोबर असायचास आणि घरी जायचास. मी आता चोवीस तास असते. माझ्यासाठी बोल."

भाऊजींवरचा माझा राग खरा, पण तो राग मला परवडत होता. तिला परवडत नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू जेवायला गेल्यावर मी खोलीचं दार लावलं. खालच्या यंत्रांचा घरघराट फोनवर ऐकू जाईल म्हणून खिडकीही लावली, फटीत कापड कोंबलं. खोली लगेच तापली. फोन लावला. भाऊजींनी बराच वेळ वाजू दिला.

"बोला."

"भाऊजी, मी. जरा अडचण झालीय. यंत्रं बंद पडलीत."

"कुठली?"

"जुनी."

"आणि नवी?"

खोटं बोलायचं तरी जपून, कमीत कमी बोलावं असा काहीतरी कंजूषपणा माझ्यात असावा. मी म्हटलं, "नवी चालू आहेत."

म्हटलं मात्र, आणि माझ्या लक्षात आलं. जुनी आणि नवी दोन्ही एकाच फोल्डरमधून जात होती. तो पुसला तर दोन्ही बंद पडायला हवीत. एक बंद आणि एक चालू, हे होऊच शकत नाही. आणि ही गोष्ट साऱ्या जगात दोनच माणसांना समजण्यासारखी होती. ती दोघंही फोनवर होती.

मग मागून ताईचा आवाज आला, "काय म्हणतोय हो?"

"घाबरू नकोस," भाऊजी मला म्हणाले. आवाज मोठा, अगदी साहेबी. "मी सांगतो तसं लिही. टूलचं नाव लिही. स्पेस. आता 'परत'. स्पेस. 'सगळं'. लिहिलंस?"

माझे हात मांडीवर होते. त्या टूलमध्ये असली कमांड नाही. कधीच नव्हती. भाऊजींना ते माझ्याहून जास्त माहीत होतं.

"लिहिलं."

"एंटर मार. काय आलं?"

"झालं म्हणतंय."

"म्हणणारच," ते म्हणाले. आणि मागे मला ताई हसलेली ऐकू आली. खूप वर्षांनी. ती कुणाला तरी, बहुतेक शेजारणीला, सांगत होती, "बघा, अडलंच की यांच्यावाचून."

मग भाऊजी फोन घेऊन आतल्या खोलीत गेले असावेत, कारण आवाज एकदम खाली आला.

"खिडकी उघड आता," ते म्हणाले. "उकडत असेल."

आणि फोन ठेवला.

मला वाटलं होतं, इथे संपेल. एखादा भला माणूस असता तर त्याने हे मुकाट्याने गिळलं असतं, किंवा मला बाजूला घेऊन दोन शिव्या दिल्या असत्या. मी दोन्हीला तयार होतो. पण भाऊजी भले नाहीत हे मी आधीच सांगितलंय. घरी ते आता बरे वागतात, ताईने मागच्या खोलीत शिवणाचं मशीन मांडलंय आणि ते त्यावर काही बोलत नाहीत, हे मला दिसतं. त्याची किंमत ते माझ्याकडून वसूल करतात.

मी ताईकडे गेलो आणि कुणी पाहुणा बसलेला असला की भाऊजी ती गोष्ट काढतात. दर वेळी ती वाढलेली असते. आधी नुसती जुनी यंत्रं बंद होती, मग सगळी झाली. मग छोट्या बाई स्वतः फोनवर आल्या. मागच्या खेपेला मी फोनवर रडत होतो. सांगताना ते पाहुण्याकडे बघत नाहीत, सारा वेळ माझ्याकडे बघतात. त्यांना माहीत आहे, मला माहीत आहे, आणि मला तोंड उघडता येत नाही हेही त्यांना माहीत आहे.

"काय रे," शेवटी ते विचारतात, "खरं की नाही?"

ताई हातातलं शिवण तसंच धरून आतून दारात आलेली असते. ती हसत माझ्याकडे बघते.

"खरं," मी म्हणतो.